घरची बोली आणि शाळेची भाषा

हे पान तुम्ही वाचीत आहात. कोणी बोट ठेवून वाचीत असेल, कोणी ओठ हलवून वाचीत असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कालपर्यंत ही काळी अक्षरे मुकी होती. आज ती बोलू लागली आहेत.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानी आली का? साक्षरतेच्या वर्गात फळ्यावर 'घर' हा शब्द आला. घर म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही. ते तुम्हाला ठाऊकच होते. घरातच तुम्ही जन्मला, वाढला. नवे होते ते फक्त घ आणि र यांचे वळण. दोन अक्षरे ओळखली, जोडून म्हटली, आणि डोळ्यांपुढे घर उभे राहिले. अक्षर नवे, पण शब्द जुना. म्हणून तर ओळ लवकर लागू लागली.

आता हे दोन शब्द वाचा.

डा. जोम.

अक्षरे सोपी आहेत. वाचता आली. पण अर्थ लागला का? 'जोम' म्हटल्यावर कोणाला पिकाचा जोम आठवला असेल. तो हा नव्हे. 'डा' म्हणजे पाणी, आणि 'जोम' म्हणजे खाणे, जेवणे. हे कोरकू भाषेतले शब्द आहेत.

समजा, तुमच्या पहिल्या पुस्तकात सगळेच शब्द असे असते. शिकवणाऱ्या बाई तासभर अशाच भाषेत बोलत्या. तर तुम्ही किती दिवस वर्गाला गेला असता? आम्हाला वाटते, चौथ्या दिवशी तुम्ही म्हणाला असता, "बाई, शेतात काम आहे."

मेळघाटातले सहा वर्षांचे कोरकू पोर शाळेत येते, तेव्हा त्याचे असेच होते. फरक इतकाच की, 'शेतात काम आहे' हेही त्याला मराठीत सांगता येत नाही.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचा डोंगरी भाग. धारणी आणि चिखलदरा हे तिथले तालुके. सातपुड्याच्या रांगा, सागाचे जंगल, दूर दूर वसलेली गावे. तिथून सिपना नावाची नदी वाहते. कोरकू भाषेत सागाच्या झाडाला सिपना म्हणतात. नदीचे नाव कोरकू, त्यावरून कळावे की हे लोक तिथले किती जुने. मध्यप्रदेशातील बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतही कोरकू लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे सव्वासात लाख भरले. कोरकूत 'कोरो' म्हणजे माणूस. त्याला 'कू' जोडले की पुष्कळ माणसे झाली. कोरकू म्हणजे माणसे, एवढाच त्या नावाचा अर्थ.

कोणी म्हणेल, बोली तर सगळीकडेच वेगळी असते. खानदेशात अहिराणी बोलतात. वऱ्हाडात वऱ्हाडी बोलतात. ती पोरे शिकतातच ना?

शिकतात. कारण अहिराणी आणि मराठी जवळच्या बहिणी आहेत. गुरुजींचे बोलणे खानदेशातल्या पोराला निम्मे तरी कळते. उरलेले ते अदमासाने ओळखते. कोरकूचे तसे नाही. मराठी, हिंदी, गुजराती या एका घराण्यातल्या भाषा. कोरकू त्या घराण्यातली नव्हे. तिचे घराणे मुंडा. तिचे भाऊबंद दूर पूर्वेला आहेत. झारखंड, ओडिशा, बंगाल इकडे संथाली भाषा बोलतात. सहा या आकड्याला संथालीत 'तुरुई' म्हणतात, कोरकूतही 'तुरुई'. दहाला संथालीत 'गेल', कोरकूतही 'गेल'. मधे शेकडो कोसांचे अंतर, तरी आकडे तेच राहिले. आणि मेळघाटाच्या खाली, एका दिवसाच्या वाटेवर, आपण 'सहा' आणि 'दहा' म्हणतो. तेव्हा अदमासाने ओळखायला जागाच नाही.

शब्दच वेगळे आहेत असे नाही. बोलण्याची घडणही वेगळी आहे. मराठीत झाड ते, वेल ती, दगड तो. असे का? आम्ही इतकी वर्षे व्याकरण शिकवले, पण आम्हालाही सांगता येणार नाही. आपण ते आईच्या दुधाबरोबर शिकलो. कोरकूत हा तो-ती-तेचा घोळ नाही. तिथे जीव असलेले एका बाजूला आणि जीव नसलेले दुसऱ्या बाजूला, असा भेद असतो. म्हणून कोरकू मूल मराठी बोलू लागले की म्हणते, "माझी आई आला." वर्ग हसतो. कधी गुरुजीही हसतात. मूल खाली मान घालते आणि पुन्हा तोंड उघडत नाही. ते मूल मूर्ख आहे का? मुळीच नाही. ते आपल्या भाषेच्या नियमाने बरोबर चालले आहे. उलट कोरकूत दोन माणसे असली की त्यांच्यासाठी शब्दाचे निराळे रूप असते, संस्कृतात असते तसे. उद्या आपण कोरकू बोलायला गेलो तर पहिल्याच वाक्यात चुकू, आणि तिथल्या म्हाताऱ्या आपल्याला हसतील.

आम्ही नोकरीत असताना काही वर्षे त्या भागातल्या एका शाळेत होतो. पहिलीचा वर्ग भरलेला असे. मुले 'बे एके बे' सुरात म्हणत. पाढा ऐकून पाहुणे खूष होत. पण आम्ही विचारले, "पाच बोरे होती. दोन खाल्ली. किती उरली?" तर सगळे गप्प. एकही हात वर नाही.

सहावीत एक कोरकू मुलगी होती. चांगली चुणचुणीत. आम्ही तिला पहिलीत बोलावले. ओंजळभर बोरे तिच्या हाती दिली आणि हाच प्रश्न तिच्या भाषेत विचारायला सांगितले. तिने विचारले मात्र, मागच्या रांगेपासून हात वर झाले. सगळे एकदम ओरडले. उत्तर कोरकूत होते आणि ते बरोबर होते.

म्हणजे मुलांना वजाबाकी येत होती. प्रश्न काय आहे, तेच कळत नव्हते.

त्या दिवसापासून ती मुलगी रोज अर्धा तास पहिलीत येऊ लागली. शाळेचा सगळा रंग पालटला. मुले बोलू लागली, भांडू लागली, चहाड्या सांगू लागली. पुढे तपासणीला एक साहेब आले. ते म्हणाले, "हेडमास्तर, या वर्गात मराठी ऐकू येत नाही." आम्ही म्हटले, "साहेब, येईल. अजून दिवाळी व्हायची आहे." साहेबांना ते रुचले नसावे. शेऱ्यात त्यांनी काही निराळेच लिहिले.

दोन भाषांची शाळा म्हणतात ती अशी. नाव मोठे वाटते. पण मुळात गोष्ट साधी आहे. मूल जे घेऊन आले आहे, तिथून सुरुवात करायची, आणि हळूहळू जे त्याला हवे आहे तिथे न्यायचे.

ते कसे करतात, ते थोडे नीट सांगतो. पहिल्या वर्षी गाणी, गोष्टी, हिशेब हे सगळे घरच्या बोलीत चालते. अक्षरओळखही घरच्याच शब्दांतून होते. 'ड' शिकवायचा तर डमरू कशाला? 'डा' घ्यावा. पाणी कोणी पाहिले नाही? मराठी त्या वर्षी कानावर पडते, हुकमांतून आणि खेळांतून. ये, बस, उठ, दार लाव, चेंडू टाक. मूल करून दाखवते. बोलायची सक्ती नाही. दुसऱ्या वर्षी ते मराठीत दोन वाक्ये बोलते आणि सोपे मराठी वाचू लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मराठी पुढे येते. पण अवघड जागा आली, भागाकार अडला, विज्ञानातले काही कळले नाही, की गुरुजी पुन्हा घरच्या बोलीचा आधार घेतात.

यात एक खुबी आहे, बरं का. कोरकू देवनागरीत लिहिता येते. अक्षरे तीच. म्हणून वाचायला दोनदा शिकावे लागत नाही. सायकल आपल्या अंगणात शिका की दुसऱ्याच्या वाडीत शिका, एकदा तोल सांभाळता आला की मग कोणत्याही रस्त्यावर चालवता येते. पण शिकताना रस्ता ओळखीचा असलेला बरा.

काही ठिकाणी घाई करतात. चार-सहा महिने घरची बोली वापरतात आणि मग एकदम बंद करतात. आम्हाला ते पटत नाही. वेल मांडवावर चढण्याआधी काठी काढून घेतली तर वेल जमिनीवरच लोळणार.

आता दुसरी बाजू ऐका. ती बाजू आम्ही मेळघाटातल्या एका बापाच्या तोंडून ऐकली. बाजाराच्या दिवशी पारावर बसलो होतो. तो म्हणाला, "गुरुजी, कोरकू तर पोराला येतेच. ते घरी बोलते, जंगलात बोलते. मग शाळेत कोरकू कायले पाहिजे? शाळेत मराठी शिकवा. जमलं तर इंग्रजी शिकवा. आमाले जंगलातच ठेवायचं आहे का तुमाले?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याने तो विचारला, त्याने आयुष्यभर पाहिले आहे. तहसिलीतला कागद मराठीत. सातबारा मराठीत. दवाखान्यातला फलक मराठीत. बाजारात बोलणे बहुतेक हिंदीत. त्याची भाषा कुठेच लिहिलेली नाही. वाचता न आल्यामुळे त्याने कुठे कुठे अंगठा उठवला, ते त्यालाच माहीत. त्याला वाटते, पोराला तरी पुढच्यांची भाषा येऊ द्या. असे वाटण्यात काय चुकले?

आम्ही त्याला म्हटले, "दादा, मराठी कमी करायची नाही. मराठी पक्की करायची आहे. पोरगं चार वर्षे शाळेत बसलं, पुस्तकातली ओळ धडाधड म्हणून दाखवली. पण त्या ओळीत काय आहे विचारलं तर सांगता येत नाही. तुम्हाला असलं मराठी पाहिजे का?" तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या मोठ्याचं तसंच झालं."

त्याचे समाधान झाले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तंबाखू मळून तो उठला.

हे केवळ कोरकूंचे आहे, असे समजू नका. तुमच्याही गावात सकाळी पिवळी गाडी येत असेल. तीन-चार वर्षांची पोरे टाय बांधून इंग्रजी शाळेला जातात. घरी कोणाला इंग्रजी येत नाही. पोर 'वॉटर' म्हणते, आजी कौतुकाने पाहते. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या भाषेत पोराला अजून तहान लागल्याचे सांगता येत नाही, त्या भाषेत त्याला गणित शिकवतात. कोरकू पोराचे दुखणे आणि या पोराचे दुखणे एकच आहे. एकाच्या बापाने पैसे मोजले, दुसऱ्याच्या बापाला कोणी विचारलेच नाही.

आणि मराठी माणसाला हे दुखणे नवे आहे का? बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख कर्नाटक राज्यात आहे. तिथले मराठी आईबाप म्हणतात, आमच्या मुलांना मराठी शाळा पाहिजे. ते म्हणतात तेव्हा आपली मान डोलते. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट आहे, सांगली जिल्ह्यात जत आहे. तिथे कन्नड शाळा आहेत. ती मुले कन्नडमध्ये शिकतात आणि बरोबरीने मराठीही शिकतात. त्यांना पुस्तके कोण देते? आपलेच राज्य देते. पुण्याची बालभारती ही पाठ्यपुस्तकांची संस्था १९६७ साली निघाली. ती मराठीखेरीज उर्दू, कन्नड, गुजराती, तेलुगू, सिंधी अशा भाषांतही पुस्तके छापते. म्हणजे दोन भाषांची शाळा महाराष्ट्राला नवी नाही. पण कन्नडमागे एक राज्य उभे आहे. उर्दूमागे मोठे वाङ्मय आहे. कोरकूमागे राज्यही नाही आणि छापखानाही नाही.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेत ३५० क हे कलम आहे. ते १९५६ साली घातले गेले. भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थांनी सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असा त्याचा आशय आहे. मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यातही लिहिले आहे की, शिकवणे शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून असावे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. 'प्रयत्न करावा', 'शक्य असेल तेथवर'. हे शब्द दिसायला लहान आहेत. पण त्यांच्या आड पुष्कळ वर्षे लपून राहता येते.

तरी कोणी काहीच केले नाही, असे नाही. ओडिशा राज्याने २००६ च्या सुमारास हे काम हाती घेतले. संथाली, सौरा, कुई, कोया अशा दहा आदिवासी भाषा निवडल्या. पुढे त्यांची संख्या एकवीसवर नेली. त्या त्या भाषेत पहिलीची पुस्तके केली, बहुतेक ओडिया लिपीत. मुलांची भाषा जाणणारे शिक्षक नेमले. पुस्तकात गावातलीच गाणी आणि सण घातले. ओडिया भाषा हळूहळू वाढवीत नेली.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात गोंडी आणि माडिया बोलणारे लोक पुष्कळ आहेत. धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचे गाव आहे. तिथे २०१९ साली ग्रामसभांनी पुढाकार घेऊन गोंडी भाषेची शाळा सुरू केली. सरकारने काढून दिली नाही, लोकांनी काढली. पुढे शिक्षणखात्याने परवानगी नाही म्हणून नोटीस दिली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. परवान्याच्या नियमांना अर्थ आहे, हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः नियमांत जन्म काढला. पण गावाने आपल्या पोरांसाठी शाळा काढावी आणि तिला पहिले पत्र नोटिशीचे यावे, हे काही बरे वाटत नाही.

अडचणी आहेत. त्या लपवून काय उपयोग? मेळघाटातल्या एकाच वर्गात कोरकू असतात, गोंड असतात, गवळी असतात. मग कोणाची बोली घ्यायची? जिथे एकाच बोलीची मुले बहुतेक आहेत, तिथे प्रश्न सुटतो. जिथे मिसळ आहे, तिथे गुरुजींना दोन-तीन बोलींचा थोडा थोडा आधार घ्यावा लागतो, आणि ते काम कठीण आहे. गुरुजी बाहेरचे असतात. कोरकू शिकेपर्यंत त्यांची बदली होते. ज्या कोरकू मुलामुलींनी शिकून डी.एड. केले, त्यांना शक्य तो आपल्याच भागात नेमावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि पुस्तके थोडी आहेत. जी निघतात, तीही शाळेच्या कपाटात कुलपात राहतात. पुस्तक फाटेल म्हणून मुलांच्या हाती न देणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. अशाने पुस्तक टिकते खरे!

मग गावातल्या माणसाने काय करावे?

प्रत्येक सरकारी शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या कायद्याने तिच्यात चारांत तीन सभासद आईबाप किंवा पालक असावे लागतात. निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे ही समिती तुमची आहे. सभा कधी आहे, ते गुरुजींना विचारा. सभेत जाऊन बसा. नुसती सही करून येऊ नका. पहिलीतल्या मुलांच्या घरी कोणती बोली बोलतात, ते विचारा. ती बोली शाळेत कोणाला येते, तेही विचारा. कोणालाच येत नसेल, तर गावातली एखादी शिकलेली मुलगी रोज अर्धा तास पहिलीत बसवता येईल का, ते सभेत ठरवून घ्या. गावातल्या म्हातारीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला शाळेत बोलवावे. तिला खर्च येत नाही. चहा मात्र द्यावा.

आणि एक काम खास तुमच्यासारख्यांचे आहे. जे नुकतेच लिहायला शिकले आहेत, आणि ज्यांच्या घरात कोरकू, गोंडी, पावरी किंवा अशीच दुसरी बोली आहे, त्यांचे. एक शंभर पानी वही आणावी. पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करावेत. डावीकडे घरचा शब्द लिहावा, उजवीकडे मराठी शब्द. पहिल्या पानावर पाणी, भाकर, आग, आई, बाप, बैल. दुसऱ्या पानावर अंगाचे अवयव, कारण मुलाचे काय दुखते ते गुरुजींना कळले पाहिजे. मग झाडे, पाखरे, आकडे. मग 'ये', 'बस', 'भूक लागली', 'घरी जायचे आहे' अशी लहान वाक्ये. शब्द जसा कानाला लागतो तसा लिहावा. शुद्ध-अशुद्धाची भीती नको. त्या शब्दाचे शुद्ध रूप तुमच्या तोंडातच आहे. वही भरली की पहिलीच्या गुरुजींना द्यावी. वहीवर गावाचे नाव आणि 'शाळेची मालमत्ता' असे लिहावे, म्हणजे गुरुजींची बदली झाली तरी वही नव्या गुरुजींच्या टेबलावर राहील.